आर-७०-२०

तिचा जन्म १९७० सालचा, वॉशिंग्टनमधल्या एका सरकारी कचेरीतला. नाव तिला मिळालं नाही, मिळाला तो क्रमांक: आर-७०-२०. 'आर' म्हणजे रेल्वे, सत्तर हे साल आणि वीस हा अनुक्रम. अंगाने किरकोळ, एका परिच्छेदात मावेल एवढी. तिला पाहून कुणी खुर्ची सोडून उठेल अशी ती नव्हतीच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताच्या चौकशीनंतर केलेली ती एक शिफारस होती. तिचं म्हणणंही अगदी अदबीचं होतं. गाडी चालवणाऱ्याकडून चूक झाली तरी गाडी आपोआप आवरली जाईल अशी यंत्रणा रेल्वे कंपन्यांवर बंधनकारक करता येईल का, याचा अभ्यास करावा, एवढंच.

करा नव्हे, अभ्यास करा. पहिल्या भेटीत याहून जास्त काही तिने मागितलं नाही.

शिफारशी आनंदाच्या घरात जन्माला येत नाहीत. हिच्या जन्माआधी चार माणसं गेली होती. २० ऑगस्ट १९६९ च्या संध्याकाळी कनेक्टिकट राज्यातल्या डेरियन गावाजवळ पेन सेंट्रल कंपनीच्या दोन गाड्या एकेरी रुळावर समोरासमोर आल्या. एका गाडीने ठरल्या ठिकाणी थांबून दुसरीला वाट द्यायची होती. ती थांबली नाही. चार ठार, त्रेचाळीस जखमी. रेल्वे अपघातांच्या इतिहासात हा आकडा लहान म्हणावा असा. पण चौकशी करणाऱ्यांनी आकड्याच्या पलीकडे पाहिलं. कर्मचारी चुकले, एवढं लिहून अहवाल मिटवता आला असता. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: माणूस कधी ना कधी चुकणारच, मग एका माणसाच्या चुकीवर एवढे जीव का टांगलेले असावेत? त्या प्रश्नातून ती जन्मली.

कल्पना तशी तिच्याहून वयाने मोठी. अमेरिकेच्या आंतरराज्य व्यापार आयोगाने १९२२ सालीच ४९ रेल्वे कंपन्यांना आपोआप गाडी आवरणारी यंत्रणा काही मार्गांवर बसवायला सांगितलं होतं. म्हणजे हे कुणाला सुचलंच नव्हतं असं नाही. सुचलेलं मागे पडलं होतं, आणि मागे पडलेलं पुन्हा पुढे ओढायचं काम हिच्या वाट्याला आलं.

तिच्या माहेराविषयी सांगायला हवं, कारण तिचा स्वभाव तिथूनच आलेला. हे मंडळ १९६७ साली स्थापन झालं. विमान, रेल्वे, जहाज, तेलवाहिनी, महामार्ग यांवरच्या मोठ्या अपघातांचा शोध घ्यायचा आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय करावं ते सांगायचं, हे त्याचं काम. सांगायचं, करवून घ्यायचं नाही. मंडळ कुणाला दंड करू शकत नाही, कुणाचा परवाना काढून घेऊ शकत नाही, एकही नियम स्वतः लागू करू शकत नाही. नियम करणारी कचेरी वेगळी, रेल्वेसाठी ती संघीय रेल्वे प्रशासनाची. अनेकांना हा कमकुवतपणा वाटतो. मला यात मोठं शहाणपण दिसतं. ज्याने नियम केले त्यालाच त्या नियमांतली खोट शोधायला बसवलं तर त्याचा हात अडखळणार. म्हणून १९७४ च्या कायद्याने हे मंडळ परिवहन खात्यापासूनही तोडून पूर्ण स्वतंत्र केलं. या स्वातंत्र्याची किंमत मात्र शिफारशींनी मोजली. त्यांच्या हाती अधिकार नाही. विनंती आहे, पुरावा आहे आणि स्मरणशक्ती आहे.

या तिन्हींत स्मरणशक्ती सर्वांत मोलाची. मंडळ प्रत्येक शिफारशीची नोंद ठेवतं आणि त्या नोंदीपुढे तिची अवस्था लिहितं. उत्तराची प्रतीक्षा. उघडी, उत्तर समाधानकारक. उघडी, उत्तर असमाधानकारक. बंद, कृती समाधानकारक. बंद, कृती असमाधानकारक. परिवहन खात्याला शिफारस गेली की नव्वद दिवसांत उत्तर देणं कायद्यानेच बांधलेलं आहे. उत्तर आलं की मंडळाचे कर्मचारी ते तपासतात, त्यावर आपलं मत मांडतात, आणि उलट पत्र जातं: आपण जे केलं ते पुरेसं आहे, किंवा नाही. मग पुन्हा उत्तर. हा पाठपुरावा वर्षानुवर्षं चालतो. पत्र लिहिणारा निवृत्त होतो, उत्तर देणारा बदलून जातो, राष्ट्राध्यक्ष येतात-जातात. नोंद मात्र तिथेच असते.

सरकारी पत्रव्यवहार ज्याने जवळून पाहिला आहे त्याला ठाऊक असेल, नकाराने मागणी मरत नाही. नकार आला की माणूस चिडतो, वर दाद मागतो, वर्तमानपत्राकडे जातो. मागणी मरते ती गोड उत्तराने. 'आपल्या सूचनेशी तत्त्वतः सहमत आहोत, विषय विचाराधीन आहे', असं पत्र आलं की फाइलीवर काम झाल्याचा शेरा पडतो आणि ती कपाटात जाते. उत्तर मिळालं आणि काम झालं, या दोन गोष्टींतलं अंतर जिथे पुसलं जातं तिथे पुढच्या अपघाताची जागा तयार होते. त्या अंतरावर बोट ठेवून बसणं हे पाठपुरावा करणाऱ्याचं खरं काम. त्याला कुणी हार घालत नाही. एका शब्दाचा शेरा बदलायला नकार देण्यासाठी लागणारी हिंमत बाहेरून दिसत नाही, पण ती लागते.

आर-७०-२० ला अशी गोड उत्तरं पुष्कळ मिळाली असतील, पण ती स्वतःही बदलत गेली. तिच्या व्यक्तिमत्त्वातला हा भाग मला फार आवडतो. क्रमांक बदलला, मागणी तीच राहिली, आणि आवाज चढत गेला. १९८७ मध्ये ती आर-८७-१६ या क्रमांकाने परत आली. तोवर 'अभ्यास करा' मागे पडलं होतं. आता ती म्हणत होती, मुख्य मार्गांवर गाड्यांना एकमेकींपासून निश्चितपणे दूर ठेवणारी यंत्रणा सक्तीची करणारे नियम करा. सतरा वर्षांत विनंतीची मागणी झाली होती.

त्याच वर्षीच्या जानेवारीत मेरीलंडमधल्या चेस इथे काय घडलं होतं ते साऱ्या देशाला ठाऊक होतं. कॉनरेल कंपनीची जोडलेली मालगाडीची इंजिनं थांबण्याचा सिग्नल ओलांडून पुढच्या रुळावर आली आणि मागून भरधाव येणारी अ‍ॅमट्रॅकची प्रवासी गाडी त्यांवर आदळली. सोळा माणसं मेली. इंजिनवाल्यांनी गांजा ओढला होता, आणि डब्यातली धोक्याची शिटी चिकटपट्टीने दाबून टाकलेली होती. त्या इंजिनांवर सिग्नल दिसण्याची सोय होती, पण चालकाने दुर्लक्ष केलं तर आपोआप ब्रेक लावील असं काही नव्हतं. लोकांचा राग गांजावर गेला, आणि तो जायलाच हवा होता. तिने मात्र शिटीकडे पाहिलं. जी सूचना माणूस चिकटपट्टीने गप्प करू शकतो ती संरक्षण नव्हे. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि त्या ईशान्य मार्गावरच्या गाड्यांना स्वयंचलित नियंत्रण सक्तीचं झालं. एका मार्गापुरतं तिचं म्हणणं मान्य झालं. बाकीचा देश तसाच राहिला.

१९९० मध्ये मंडळाने आपल्या सर्वांत निकडीच्या मागण्यांची एक यादी जाहीर करायला सुरुवात केली. पहिल्याच यादीत ती होती. मंडळाच्या पाच शिफारशींपैकी चारांहून अधिक आज ना उद्या मान्य होतात. ज्या होत नाहीत त्यांच्यासाठी ही यादी. दरवर्षी नाव वाचलं जायचं, आणि दरवर्षी तिच्या बाजूने एखादा नवा साक्षीदार उभा राहायचा. साक्षीदार म्हणजे अपघात.

१६ फेब्रुवारी १९९६. मेरीलंडमधलंच सिल्व्हर स्प्रिंग, बर्फ पडत होतं. लोकल गाडीला पिवळा सिग्नल मिळाला, म्हणजे पुढच्या सिग्नलाशी थांबण्याच्या तयारीने जा. मध्ये एक स्थानक आलं, गाडी थांबली, प्रवासी चढले-उतरले, गाडी निघाली. आणि मघाचा पिवळा दिवा चालकाच्या ध्यानातून गेला असावा. गाडीने वेग घेतला, पुढे लाल, पलीकडून अ‍ॅमट्रॅकची गाडी. अकरा ठार, त्यांतले आठ एका रोजगार प्रशिक्षण केंद्रातले तरुण. इथे गांजा नव्हता, कुणी शिटी दाबली नव्हती. एक माणूस एक दिवा विसरला. स्वयंपाकघरात गॅस बंद केला का हे दाराबाहेर पाऊल टाकल्यावर आठवावं, तितका तो साधा विसर. चेसहून ही साक्ष मला जास्त जड वाटते, कारण दोष द्यायला इथे समोर कुणी सापडत नाही.

१९९९ मध्ये ओहायोतल्या ब्रायनजवळ दाट धुक्यात तीन मालगाड्या एकमेकींत घुसल्या, दोन कर्मचारी गेले. त्या चौकशीतून २००१ मध्ये ती आर-०१-६ होऊन आली. या वेळी तिने व्यवहार ओळखून मागितलं: एकदम सगळीकडे जमत नसेल तर जिथे धोका जास्त, म्हणजे उपनगरी आणि आंतरशहर प्रवासी गाड्या धावतात अशा मार्गांपासून प्राधान्याने सुरुवात करा.

समोरची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे चित्र खोटं होईल. १९७० मध्ये ती जे मागत होती ते पुरवणारं तंत्रज्ञान तयार नव्हतं. गाडी नेमकी कुठे आहे हे उपग्रहावरून कळणं, इंजिनातल्या संगणकात पुढच्या रुळाचा, वळणाचा, वेगमर्यादेचा नकाशा असणं, सिग्नलशी आणि नियंत्रण कक्षाशी बिनतारी बोलणं, आणि चालक वेळेत सावरला नाही तर ब्रेक लावणं, हे सगळं जुळून यायला दशकं लागणारच होती. शिवाय एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या रुळावर धावतं, तेव्हा सगळ्यांच्या यंत्रणा एकमेकींना समजल्या पाहिजेत. हे अवघड काम होतं आणि रेल्वे कंपन्यांचं म्हणणं निव्वळ बहाणा नव्हतं.

पण खरी अडचण हिशेबाची होती. सरकारी नियम करताना त्यावर होणारा खर्च आणि त्यातून वाचणारा पैसा यांचा ताळा मांडावा लागतो. जेव्हा अखेर नियम झाला तेव्हाही सरकारच्याच हिशेबात वीस वर्षांचा खर्च सुरक्षेच्या लाभाच्या सुमारे वीसपट निघाला होता. हा आकडा वाचला की तिच्याविरुद्ध निकाल लागल्यासारखं वाटतं. मला तो हिशेब चुकीचा वाटत नाही, अपुरा वाटतो. तो सरासरी मोजतो. रेल्वेचे अपघात सरासरीने येत नाहीत. कित्येक वर्षं काही होत नाही आणि मग एका संध्याकाळी पंचवीस माणसं जातात. त्या संध्याकाळी कुणी वीसपटीचं गणित मांडत नाही. लोकांनी गाडीत पाऊल टाकताना सरकारशी केलेला अलिखित करार वेगळा असतो: चालकाचं लक्ष क्षणभर उडालं म्हणून मी मरणार नाही, याची सोय तुम्ही केलेली असेल.

ती संध्याकाळ १२ सप्टेंबर २००८ ची. लॉस एंजेलिसजवळच्या चॅट्सवर्थमध्ये मेट्रोलिंकची प्रवासी गाडी लाल सिग्नल ओलांडून एकेरी रुळावर गेली आणि युनियन पॅसिफिकच्या मालगाडीवर समोरून आदळली. पंचवीस मृत्यू, शंभराहून जास्त जखमी. चौकशीत कळलं की चालक मोबाइलवर संदेश पाठवत होता. शेवटचा संदेश धडकेच्या बावीस सेकंद आधीचा. १९७० मध्ये मोबाइल नव्हता. तिच्या जन्माच्या वेळी कुणाला या विशिष्ट चुकीची कल्पनाही करता आली नसती, आणि तरी ती या चुकीसाठीही पुरी पडली असती. चूक कोणती होईल यावर तिने कधीच पैज लावली नव्हती.

चॅट्सवर्थनंतर चौतीस दिवसांनी, १६ ऑक्टोबर २००८ रोजी, ही यंत्रणा सक्तीची करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. अडतीस वर्षं जे पत्रांनी झालं नव्हतं ते चौतीस दिवसांत झालं. यावरून कुणी म्हणेल की पत्रं वायाच गेली, प्रेतं मोजल्याशिवाय सरकार हलत नाही. मला हे मान्य नाही. अपघातानंतर संतापाची जी थोडी जागा उघडते ती फार लवकर मिटते. त्या थोड्या दिवसांत संसदेपुढे काय ठेवायचं हे जर कुणी आधीच नीट शब्दांत मांडून ठेवलेलं नसेल, तर संताप एखाद्या चालकाला शिव्या घालून संपतो. ती तयार होती. अडतीस वर्षांचे पुरावे क्रमाने लावलेले होते.

कायदा झाला म्हणजे झालं, असं समजून मंडळाने तिला निकडीच्या यादीतून उतरवलं. काम रेंगाळताना दिसलं तेव्हा पुन्हा चढवलं. पाठपुराव्याचा हा टप्पा बहुतेक ठिकाणी निसटतो. कायदा, शासन निर्णय, परिपत्रक निघालं की आपण टाळ्या वाजवतो. कायद्याने मुदत दिली होती ३१ डिसेंबर २०१५. रेडिओच्या लहरी मिळवताना अडचणी आल्या, मनोरे उभारण्याच्या जागा मूळ रहिवाशांच्या पूर्वापार जागांवर येतात का हे तपासेपर्यंत काम थांबलं, पैसे कमी पडले. मुदत २०१८ पर्यंत वाढली, आणि काही अटींवर २०२० पर्यंत.

काम रेंगाळलेल्या त्या वर्षांची किंमत तिच्या चरित्रात लिहायलाच हवी. डिसेंबर २०१३ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये झोप अनावर झालेल्या चालकाची लोकल ताशी ४८ किलोमीटरच्या वळणावर १३२ ने गेली, चार मृत्यू. मे २०१५ मध्ये फिलाडेल्फियात अ‍ॅमट्रॅकची गाडी ताशी ८० च्या वळणावर १७१ ने गेली, आठ मृत्यू. त्या वळणावर यंत्रणा अजून सुरू झाली नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये वॉशिंग्टन राज्यात ड्यूपाँटजवळ नव्या मार्गावरच्या पहिल्याच फेरीत अ‍ॅमट्रॅकची गाडी ४८ च्या वळणावर सुमारे १२६ ने आली आणि महामार्गावर कोसळली, तीन मृत्यू. तिथेही यंत्रणा चालू व्हायची बाकी होती. कायदा तिन्ही वेळी होता.

२९ डिसेंबर २०२० रोजी संघीय रेल्वे प्रशासनाने जाहीर केलं की सक्ती असलेल्या सर्व ५७,५३६ मैलांवर, म्हणजे सुमारे ९२,६०० किलोमीटरवर, यंत्रणा चालू झाली आहे. मुदत संपायला दोन दिवस उरले होते, आणि तिचं वय पन्नास होतं. मंडळाने या पन्नास वर्षांत चौकशी केलेले १५४ अपघात असे होते की जे या यंत्रणेने टळू शकले असते. त्यांत तीनशेहून अधिक माणसं मेली आणि ६,८०० हून अधिक जखमी झाली. हे आकडे मंडळाने स्वतःच मोजून लोकांपुढे ठेवले. आपलं न ऐकल्याने काय झालं याचा हिशेब चोख ठेवणं, हाही पाठपुराव्याचाच भाग आहे.

तिच्या जातकुळीची माणसं आपल्याकडेही आहेत. गैसलच्या १९९९ च्या भीषण टकरीनंतर कोकण रेल्वेने टक्कररोधक यंत्र विकसित केलं आणि त्याला 'रक्षा कवच' म्हटलं. उपग्रहाचा आणि रेडिओचा आधार घेणारी, दोन गाड्या एकाच रुळावर जवळ येताहेत असं दिसताच ब्रेक लावणारी ती कल्पना बेलापूरच्या मुख्यालयातून निघालेली. पुढे अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये १०६ शिफारशी दिल्या, पाच वर्षांत एक लाख कोटी रुपयांची गरज मांडली, मुख्य मार्गांच्या १९,००० किलोमीटरवर आधुनिक सिग्नल यंत्रणा मागितली आणि एक स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरणही. 'कवच' ही गाडी आपोआप आवरणारी यंत्रणा राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारली गेली ती २०२० मध्ये, म्हणजे तिकडे काम पूर्ण झालं त्याच वर्षी. आपल्याकडे रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली ठेवलेले आहेत, म्हणजे चौकशी करणारा आणि गाड्या चालवणारा वेगळे असावेत हे शहाणपण आपल्यालाही होतं. त्यांच्या शिफारशीही सल्ल्याच्याच. समितीचा अहवाल आला की त्याची बातमी होते. १०६ पैकी कोणती शिफारस आज कुठे अडली आहे, ती कुणाच्या टेबलावर आहे, शेरा काय आहे, हे मुंबईच्या लोकलमधल्या प्रवाशाला एका कागदावर वाचता आलं पाहिजे. हा हक्क मागायला आपण अजून शिकायचे आहोत.

आणि तिकडेही नोंदवही मिटलेली नाही. चॅट्सवर्थच्या चौकशीतून २०१० मध्ये आणखी एक शिफारस जन्मली, आर-१०-१. चालकाच्या डब्यात आतल्या-बाहेरच्या बाजूचं चित्र आणि आवाज टिपणारी, आगीत आणि धडकेत तगणारी उपकरणं सक्तीची करा, असं ती म्हणते. अमेरिकी संसदेने २०१५ मध्ये प्रवासी गाड्यांपुरता तसा नियम करायला सांगितलं. नियम निघाला ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्यात प्रवासी गाड्यांच्या इंजिनांना चित्र टिपणं सक्तीचं आहे, आवाज टिपणं नाही, आणि मालगाड्या वगळलेल्या आहेत. एवढ्याने पुरेसं होत नाही, असं मंडळाने सांगितलं. पुढचं पत्र त्या उरलेल्या भागासाठी.